घर कोणाचे?

मराठी कथाकादंबऱ्यांत घरमालकाच्या वाट्याला चांगली भूमिका फारशी आलेली नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला तो उगवतो, जिन्यात मोठ्याने खाकरतो, पाण्यावरून कुरकुरतो आणि भिंतीत खिळा ठोकल्याचा आवाज तीन घरे पलीकडून ऐकतो. भाडेकरू मात्र बहुधा सज्जन, गरीब आणि विनोदी असतो. याचे कारण शोधायला लांब जायला नको. लिहिणारी मंडळी बहुतेक भाड्याच्या घरात राहत होती! घरमालक लिहीत नव्हते, ते पावत्या फाडत होते.

मी त्या बदनाम वर्गातला एक लहानसा सभासद आहे. राहत्या घराखेरीज कोथरूडमध्ये वनाजच्या बाजूला माझी दोन खोल्यांची एक सदनिका आहे. ती मी भाड्याने देतो. एवढ्यावरून मला कुणी जमीनदार म्हणणार नाही. पण नीतीचे प्रश्न मालमत्तेचा आकार पाहून येत नाहीत. शंभर खोल्यांच्या चाळीच्या मालकाला जो प्रश्न विचारता येतो, तोच दोन खोल्यांच्या मालकालाही विचारता येतो. चाळीच्या मालकाने तो मुनिमाकडे ढकललेला असतो. माझ्याकडे मुनीम नाही, इतकाच काय तो फरक.

तो प्रश्न मला विचारला माझ्याच भाडेकरूने. नवरा भोसरीला कारखान्यात, बायको एका दवाखान्यात परिचारिका आणि एक मुलगी, असे हे कुटुंब २०१५ साली तिथे राहायला आले. भाडे कधी चुकले नाही, तक्रार कधी विनाकारण केली नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात करार नवा करायची वेळ आली तेव्हा तो गृहस्थ हसत हसत मला म्हणाला, “काका, नऊ वर्षं झाली. तुमच्या बँकेच्या हप्त्यात आमचाही हात आहे. आमच्या वाट्याची एखादी भिंत तरी दाखवा की!”

त्याच्या स्वरात कडवटपणा नव्हता. मीही हसलो. पण विनोदात विचारलेला प्रश्न विनोदात परत करता येत नाही, तो घरी बरोबर येतो. रात्री मी वही घेऊन बसलो. नीतीचा प्रश्न आकड्यांनी सुटत नाही हे खरे, पण आकडे न मांडता नीतीवर बोलणारा माणूस बहुधा स्वतःला सोयीचे तेच बोलतो, असा माझा अनुभव आहे.

घराची किंमत ४० लाख होती. त्यातले १५ लाख माझे, जन्मभराच्या नोकरीतून साठलेले. उरलेले २५ लाख बँकेचे, दहा टक्क्यांनी, वीस वर्षांच्या मुदतीने. महिन्याचा हप्ता २४ हजारांच्या थोडा वर. वर्षाला २ लाख ९० हजार भरायचे. पण पहिल्या वर्षी त्यातले मुद्दल जेमतेम ४१ हजार फिटते, बाकीचे सारे व्याज. व्याजाचा दर असाच राहिला तर वीस वर्षांत २५ लाखांपायी सुमारे ५८ लाख मोजावे लागतात. कर्जाने घर घेणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब एकदा शांतपणे करून पाहावा, आणि मग त्या रात्री झोप आली तर घर घ्यावे.

आता जमेची बाजू. पहिले भाडे १२ हजार होते, म्हणजे वर्षाचे १ लाख ४४ हजार. त्यातून महापालिकेचा कर, सोसायटीचा देखभाल खर्च, मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते शुल्क (२००१ सालच्या सरकारी आदेशाने ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपुरते मर्यादित झाले, नाहीतर सोसायट्यांनी आम्हाला सोलून काढले असते), कधी रंग, कधी गळका नळ, कधी मोटार जळाली. प्राप्तिकराचा कायदा भाड्याच्या उत्पन्नातून अशा खर्चासाठी सरसकट ३० टक्के वजा करू देतो, आणि जुन्या घराच्या बाबतीत ते फार उदार आहे असे मला वाटत नाही. हे सर्व जाऊन लाखभर रुपये हाती राहत. म्हणजे हप्त्याचा एकतृतीयांश भाड्यातून निघे आणि दोनतृतीयांश माझ्या पगारातून. तेच १५ लाख त्या वेळी मुदतठेवीत टाकले असते, तर घरबसल्या सव्वा लाखाच्या वर व्याज मिळाले असते, आणि कुणाची मोटार जळाल्याचा फोनही आला नसता.

तेव्हा “भाडेकरू मालकाचे घर विकत घेऊन देतो” हे वाक्य निदान आपल्याकडे पूर्ण खरे नाही. तो एक वाटा देतो. पण मग मी दुसऱ्या बाजूने बेरीज केली. दर वर्षी पाच टक्के वाढ धरून या कुटुंबाने नऊ वर्षांत मला जवळजवळ १६ लाख रुपये दिले. मी पदरचे घातलेले होते १५ लाख. पुढचे हप्ते मी भरले हे खरे, पण या दोन आकड्यांसमोर मी बराच वेळ बसून राहिलो. एकाच्या पंधरा लाखांनी त्याचे नाव दस्तावर चढले. दुसऱ्याच्या सोळा लाखांनी त्याच्याकडे भाडेपावत्यांची एक पिशवी जमली.

यावर एक उत्तर आहे, आणि ते खोटे नाही. भाकरी विकत घेणारा भट्टीत वाटा मागत नाही. एसटीने पन्नास वर्षे प्रवास केला म्हणून कुणी गाडीचे एक चाक घरी नेत नाही. भाडेकरूने सोळा लाख दिले आणि नऊ वर्षांचे छप्पर घेतले. मुलीची शाळा तिथून झाली, आजारपणे तिथे काढली. कर्ज मी काढले. कारखाना बंद पडला असता तर तो घर सोडून जाऊ शकला असता, मला हप्ता सोडून जाता आला नसता. पाणी, दुरुस्ती, रिकामे महिने यांची चिंता माझी. या चिंतेचे आणि जोखमीचे मोल म्हणजे भाडे. इथवर मालकाची बाजू मला स्वच्छ दिसते. ज्याने कष्टाचे पैसे घालून चार भिंती उभ्या ठेवल्या, त्याला त्याचे मोल मागायला लाजण्याचे कारण नाही.

मग खटकते कुठे? खटकते ते पुढच्या आकड्यात. त्याच उन्हाळ्यात दलालाने मला सांगितले, “साहेब, घराचे आता पासष्ट लाख कुठे गेले नाहीत. आणि भाडं तुम्ही सतरा-साडेसतरा काय घेता? मेट्रो झालीय. तेवीस देणारा उद्या आणून उभा करतो.”

घर दहा वर्षांनी जुने झाले होते. फरशीला दोन तडे गेले होते. न्हाणीघराच्या भिंतीला ओल होती. भिंती वाढत नाहीत, विटांना पालवी फुटत नाही. मग २५ लाखांनी वाढले काय? वाढली ती खालची जमीन. आणि ती मी वाढवली नाही. ६ मार्च २०२२ रोजी वनाजपासून गरवारे महाविद्यालयापर्यंत मेट्रो सुरू झाली, ती माझ्या खर्चाने नव्हे. रस्ते, पाणी, शाळा, दवाखाने, रात्री अकरालाही उघडे असणारे औषधांचे दुकान, या सर्वांनी मिळून त्या जागेला मोल आणले. त्यात माझा वाटा एका करदात्याइतका, आणि माझ्या भाडेकरूचाही तेवढाच. किंबहुना त्याची बायको ज्या दवाखान्यात रात्रपाळी करते, त्या दवाखान्यामुळे ती वस्ती राहण्याजोगी झाली असेल, तर तिचा वाटा माझ्याहून मोठा आहे.

आणि गंमत पाहा. मेट्रोमुळे त्याचा येण्याजाण्याचा त्रास थोडा वाचला, तोच ती वाचलेली सोय भाड्याच्या रूपाने माझ्याकडे जमा करावी असे दलाल सुचवत होता. मेट्रोसाठी त्याने कर दिला तो एकदा, आणि मेट्रो आली म्हणून जादा भाडे द्यायचे ते दुसऱ्यांदा. मी मधल्या मध्ये काहीच केलेले नाही. मी फक्त त्या जागी मालक म्हणून उभा होतो.

हा विचार माझा नव्हे, जुनाच आहे. हेन्री जॉर्ज नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८७९ साली ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ हा ग्रंथ लिहून हाच मुद्दा साऱ्या जगापुढे मांडला. घर बांधणाऱ्याचे कष्ट घर बांधणाऱ्याला मिळावेत, पण नुसत्या जमिनीचे वाढलेले मोल समाजाने निर्माण केलेले असते, म्हणून ते कररूपाने समाजाकडे परत जावे, असे त्याचे म्हणणे. त्याचा कर सगळ्या जगाने स्वीकारला नाही, पण त्याने पाडलेली फट बुजवणे अर्थशास्त्रज्ञांना सोपे गेलेले नाही. अनर्जित वाढ या रुक्ष शब्दामागे ही फट आहे. भाड्यातला एक भाग मी कमावतो आणि एक भाग माझ्याकडे वाहत येतो. दोन्ही एकाच पावतीवर लिहिले जातात, म्हणून ते सारखे दिसतात, एवढेच.

कुणी म्हणेल, इतके सोपे असेल तर भाडे कायद्याने गोठवून टाका. ते आपण करून पाहिले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरांत घरांची चणचण झाली. फाळणीनंतर ती आणखी वाढली. १९४७ सालच्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाण मानले. हेतू चांगलाच होता. लाखो कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर त्या कायद्याने वाचवले, हे मालकांनीही मान्य केले पाहिजे. पण तात्पुरता म्हणून आणलेला तो कायदा पन्नास वर्षे जगला. गहू वाढला, पगार वाढले, भाडे तेथेच राहिले. पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांत दहा-पंधरा रुपयांची बिऱ्हाडे नांदत राहिली. त्या भाड्यात चुना येईना, मग कौले कोठून येणार? मालक दुरुस्ती करेना, भाडेकरू जागा सोडेना, आणि दोघांच्या भांडणात वाडा मुकाट्याने कुजत गेला. मुंबईत पावसाळ्यात चाळी कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ साली कायदा करून उपकर बसवावा लागला आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंडळ नेमावे लागले. कागदावर जे भाडे मिळत नव्हते ते पागडीच्या रूपाने कागदाबाहेर मिळू लागले. सरळ माणसाला अडवणारा आणि वाकड्याला वाट देणारा कायदा नीतिमान हेतूचा असला तरी नीती वाढवीत नाही. अखेर डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, एके काळी न्याय्य असलेले हे गोठलेले भाडे आता वाजवी राहिलेले नाही. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्रात नवा भाडेनियंत्रण कायदा आला, जुन्या भाड्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली, आणि पागडीलाही उजळ माथ्याने फिरता येऊ लागले.

पण पन्नास वर्षांच्या त्या भांडणाने मालकाच्या मनात एक भीती कायमची घर करून बसली, आणि ती मात्र भाडे देत नाही! १९७३ साली एक दुरुस्ती झाली. १ फेब्रुवारीला जे लोक चालू परवान्याने राहत होते त्यांना कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला. आपण परवाना दिला आणि हक्क होऊन बसला, ही कहाणी मालकांच्या घराघरांत सांगितली गेली. तेव्हापासून आपण भाडेकरू ठेवतच नाही, ‘लिव्ह अँड लायसन्स’वाला ठेवतो. बहुतेक ठिकाणी अकरा महिन्यांचा. अकराच का? तर वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी करण्याचे बंधन १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे, ते टाळण्यासाठी. महाराष्ट्रात नव्या कायद्याने अकरा महिन्यांच्या कराराचीही नोंदणी सक्तीची केली, ती न केल्याचा दोषही मालकावर टाकला. कारण गेले, पण अकराचा आकडा राहिला. भीतीला सवयीचे रूप आले की तिला कारण लागत नाही.

या अकरा महिन्यांचा अर्थ भाडेकरूच्या बाजूने पाहिला पाहिजे. मुलाची शाळा दहा वर्षांची असते. म्हातारीचे औषध जन्माचे असते. गॅसची टाकी, शेजारीण, दूधवाला, खिडकीतली तुळस, यांपैकी काहीही अकरा महिन्यांचे नसते. आपण माणसाला घर देतो, पण घर या शब्दातला जो टिकाऊपणा आहे तो काढून घेऊन देतो. भाडे वाजवी असेल, घर स्वच्छ असेल, तरी दर उन्हाळ्यात ‘या वर्षी राहू देतील ना?’ हा प्रश्न ज्या घरात जेवताना निघतो, ते घर पुरते घर नव्हे.

काही मालक या भीतीपायी घर देतच नाहीत, कुलूप लावून ठेवतात. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. ती सगळी काही हट्टाने रिकामी ठेवलेली नसतील. पण पुष्कळ ठिकाणी हिशेब हाच असतो की, भाडे तुटपुंजे, कटकट मोठी, जमिनीचा भाव मात्र कुलपाआडही वाढतोच आहे. कायद्याच्या दृष्टीने यात गुन्हा नाही. तरीही ज्या शहरात माणसे आठ बाय दहाच्या खोलीत सहा जण झोपतात, तेथे हवा खात पडलेली खोली हा शेजाऱ्याशी केलेला अबोला आहे. तुटपुंजे भाडे घेणाऱ्या मालकापेक्षा काहीच न घेणारा हा मालक अधिक निष्ठुर आहे, असे मला वाटत आले आहे.

आणि एक गोष्ट या सर्वांहून नाजूक आहे. ती म्हणजे नकार. लहान मालकाच्या हातात भाड्यापेक्षाही मोठी सत्ता असते, ती ‘नाही’ म्हणण्याची. दलाल फोनवर आडनाव आधी सांगतो, पगार मागाहून. ‘फक्त शाकाहारी’, ‘फक्त कुटुंब’, ‘एकट्या मुली नकोत’, असे म्हणणारी माणसे एरवी दुष्ट नसतात. ती आषाढीला पंढरपूरला जातात आणि दिवाळीला फराळाची ताटे सर्व शेजाऱ्यांकडे पाठवतात. आपल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, रस्ते यांवर कुणाला अडवू नये असे सांगितले. भाड्याच्या घराचा उंबरठा मात्र त्या यादीत नाही. तेव्हा तेथे आपली सद्सद्विवेकबुद्धी एकटीच पहाऱ्याला उभी असते, आणि एकट्या पहारेकऱ्याला डुलकी लवकर लागते. मासळीचा वास दोन दिवसांत उडतो. आडनाव विचारून दार लावले गेले, तो आवाज ऐकणाऱ्याच्या मुलांपर्यंत जातो. भाडे किती घ्यावे यावर दोन मते होऊ शकतात. पण घर कोणाला नाकारावे याचा निकष भाडे भरण्याची कुवत आणि घर सांभाळण्याची वृत्ती याखेरीज दुसरा असू नये, यावर मला दोन मते दिसत नाहीत.

मग मी काय केले, असे वाचक विचारील, आणि विचारण्याचा त्याला हक्क आहे. घराची भिंत मी भाडेकरूच्या नावावर केली नाही. तेवढा मोठा मी नाही, आणि भिंत अजून बँकेकडे गहाण आहे. या बाबतीत मला तुकोबांची एक कथा फार मोलाची वाटते. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली हे सर्वांना ठाऊक असते. पण परंपरा सांगते की त्यांनी आधी खतांचे दोन वाटे केले, भावाचा वाटा कान्होबाच्या स्वाधीन केला आणि फक्त आपला वाटा नदीत सोडला. आपल्या वाट्यापुरतेच उदार व्हावे, दुसऱ्याच्या वाट्याने पुण्य करू नये, हा त्यातला बारकावा आपण विसरतो. माझ्या भाड्यात बँकेचा हप्ता आहे, सोसायटीचे देणे आहे, दुरुस्ती आहे. तो कान्होबाचा वाटा. त्यावर मला उदार होता येत नाही. पण तेवीस हजारांतला जो भाग केवळ मेट्रोने आणला, तो माझ्या हातचा होता. तो मागायचा की सोडायचा, एवढेच माझ्या स्वाधीन होते.

मी तो सोडला. भाडे नेहमीच्या पाच टक्क्यांनी वाढवले, आणि करार अकरा महिन्यांऐवजी साठ महिन्यांचा केला. तेवढ्या मुदतीचा परवाना करता येतो. मुलगी त्या वेळी पाचवीत गेली होती, म्हणजे नववीपर्यंत तिच्या शाळेला धक्का नाही. पत्नीला हे पटायला वेळ लागला. “पाच वर्षं अडकून पडायचं? उद्या आपल्यालाच पैशाची नड लागली तर?” तिचा प्रश्न खोटा नव्हता. नडीला घर विकावे लागले तर सहा महिने आधी सांगायचे, असे कलम आम्ही दोन्हीकडून मान्य करून घातले. दलालाने मला वेड्यात काढले. त्याचे दोन महिन्यांचे भाडे बुडाले, तेव्हा त्याच्या मताला त्याच्या बाजूने आधार होता.

याने प्रश्न सुटला असे मी म्हणत नाही. घर विकायची वेळ आली तर ते २५ लाख माझ्याच हाती पडतील आणि मी ते नाकारणार नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. एका माणसाच्या संयमाने शहरातली भाडी उतरत नाहीत. त्याला कायदा लागतो, जमिनीवरचा न्याय्य कर लागतो, सरकारने बांधलेली घरे लागतात, आणि मालकाला भीती वाटणार नाही अशी न्यायालये लागतात. केंद्र सरकारने २०२१ साली आदर्श भाडे कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात राहत्या घरासाठी अनामत दोन महिन्यांहून अधिक नको, भांडणे ठरावीक दिवसांत निकाली काढावीत, असे काही शहाणपणाचे विचार आहेत. असे विचार अंमलात आले तर मालक आणि भाडेकरू दोघेही थोडे निर्धास्त होतील.

परंतु कायदा चांगला झाला तरी त्याच्या दोन ओळींच्या मधली जागा उरतेच, आणि तेथे माणसाला स्वतःच वागावे लागते. ओल आली की पावसाआधी दुरुस्त करावी की नंतर, अनामत परत करताना प्रत्येक खिळ्याचे भोक मोजावे की नाही, ‘रिकामे करा’ हे सांगायला महिना द्यावा की परीक्षा संपेपर्यंत थांबावे, या गोष्टी कोणत्याही अधिनियमात मावत नाहीत. मालकी म्हणजे काय, हे मला दस्तापेक्षा या बारीकसारीक निर्णयांतून अधिक कळत गेले. दस्त सांगतो की घर माझे आहे. पण दिवाळीत त्या घरी कोणता आकाशकंदील लावायचा, हे आज दहा वर्षे ती मुलगी ठरवते आहे, आणि त्यात मला विचारण्याची तिला गरज वाटत नाही. तशी ती कधी वाटू नये.